पॉइंट नको, नोंद हवी

चांदवड तालुक्यातल्या एका वस्तीवर रात्रभर बोअरची गाडी चालली होती. मी सकाळी पोहोचलो तेव्हा गाडी पुढच्या गावाला निघून गेलेली, डाळिंबाच्या पानांवर राखाडी भुकटी बसलेली आणि बांधाच्या कडेनं चुऱ्याचे 19 छोटे ढीग ओळीनं मांडलेले. घरातल्या बारावीच्या मुलानं ते मांडले होते. वीस फुटांचा एक पाइप आत गेला की दुसरा जोडेपर्यंत गाडी थांबते. तेवढ्यात तो घमेलंभर चुरा उचलून आणायचा. 19 पाइप, 380 फूट. पहिले दोन ढीग तपकिरी मुरमाचे, मग चार करडे, त्यात पांढरे खडे. सातवा ढीग विटेसारखा लाल. त्यापुढचे सगळे काळे, पिठासारखे बारीक आणि कोरडे. पाणी लागलं नव्हतं.

मुलाचे वडील म्हणाले, "सर, फेल गेलेल्या बोअरचं काय बघता? तोंडावर दगड ठेवला, विषय संपला." दुपारपर्यंत ते ढीग खोऱ्यानं ओढून रस्त्याच्या खड्ड्यात भरले गेले. त्या शिवाराच्या पोटात 380 फुटांपर्यंत काय आहे, याचा एकमेव खरा पुरावा तिथंच संपला. त्याच बांधापलीकडचा शेतकरी पुढच्या उन्हाळ्यात बोअर घेईल, तेव्हा त्याला पुन्हा पहिल्या फुटापासून अंधारात उतरावं लागेल.

बावीस वर्षं रेझिस्टिव्हिटी मीटर, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं यंत्र, घेऊन नाशिक जिल्ह्यातली शिवारं फिरल्यावर माझं एकच म्हणणं पक्कं झालं आहे. आपल्याकडे यंत्रांची वानवा नाही, नोंदींची आहे. जमिनीखालचं जे काही आपल्याला कळतं, मग ते यंत्रातून कळो की बोअरच्या चुऱ्यातून, ते गावाच्या दप्तरात जमा झालं पाहिजे आणि कोणालाही बघता आलं पाहिजे. हे होत नाही तोवर सरकारनं कितीही महागडी उपकरणं आणली तरी शेतकऱ्याचा पैसा मातीतच जाणार.

आपला खडक तरी कसा आहे? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग याच काळ्या पाषाणाचा आहे. 1646 मीटरचं कळसूबाई आणि बागलाणातला 1567 मीटरचा साल्हेर ही त्या थप्पीची झिजून उरलेली टोकं. पावसाळ्यानंतर चांदवडच्या डोंगरांकडे पाहा, उतारावर पायऱ्या दिसतात. साधारणपणे एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर. थराचा मधला-खालचा भाग घट्ट, अभेद्य. वरचा भाग सच्छिद्र, कारण थंड होताना त्यातून वायूचे बुडबुडे वर आले. त्या छिद्रांमध्ये पुढं पांढरी, गुलाबी, हिरवट खनिजं भरली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेच्या पेटीत ज्या सुंदर स्फटिकांसमोर आपण थांबतो, ती हीच. विहीर खोदणारे या सच्छिद्र खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा लाल मातीचा पट्टा सापडतो, गेरूसारखा. आणि या सगळ्या आडव्या थप्पीला कुठं कुठं उभी चीर देत गेलेल्या दगडी भिंती आहेत. त्यांना भूशास्त्रात डाईक म्हणतात.

पाणी या थप्पीत कुठं राहतं? वरच्या मुरमात, मांजऱ्यात, भेगांत. 'पाताळात नदी वाहते आणि तिची नस सापडली की काम झालं' ही समजूत मी गावोगावी ऐकली आहे. पण आपल्या खडकात नदी नाही, तळं नाही. अशा खडकाच्या शंभर घनमीटरमधून उपशाला मिळणारं पाणी साधारण दोन घनमीटर धरतात. तेही सगळीकडे सारखं नाही. म्हणून एका बोअरला अडीच इंची पाणी लागतं आणि शंभर पावलांवरचा दुसरा धूळ ओकतो. या विचित्रपणातूनच पाणाड्याचा धंदा उभा राहिला.

पाणाड्याबद्दल मी चिडून लिहिणार नाही. तळहातावरचा नारळ उभा राहतो, कडुलिंबाची दुबेळकी काडी खाली झुकते, पायाळू माणसाला पाण्याची चाहूल लागते, यावर विश्वास ठेवणारी माणसं मूर्ख नाहीत. चार एकराचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला कोणीतरी ठामपणे 'इथं' म्हणणारं हवं असतं. पण हे तपासून झालेलं आहे. जर्मनीत म्यूनिकजवळ 1987-88 मध्ये एका धान्याच्या कोठारात प्रयोग झाले. तळमजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावरून हलवायचा आणि वरच्या मजल्यावरच्या पाणाड्यानं तो कुठं आहे ते सांगायचं. सुमारे 500 जणांमधून सर्वांत चांगले 43 निवडले, त्यांच्या 843 चाचण्या घेतल्या. प्रयोग करणाऱ्यांनी त्यातून काहींना खरी शक्ती असल्याचा निष्कर्ष काढला होता. पुढं तेच आकडे दुसऱ्या अभ्यासकानं नीट तपासले, तेव्हा ते अंदाजपंचे मारलेल्या खड्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ती माझ्याच व्यवसायाबद्दल आहे.

गेल्या काही वर्षांत गावोगावी 'मशीनवाले' आले आहेत. पाटी, गाडी, स्क्रीनवर रंगीत चित्र. शेतकरी पैसे मोजतो आणि त्याला मिळतं काय, तर चुन्यानं केलेली एक फुली. त्याला म्हणायचं 'पॉइंट'. वाचनं कोणती आली, आलेख कसा निघाला, किती खोलीवर काय असण्याची शक्यता आहे, चूक किती होऊ शकते, यातलं काही कागदावर येत नाही. पॉइंट फेल गेला तर मशीनवाला फोन उचलत नाही, लागला तर त्याची कीर्ती तालुकाभर होते. मग नारळात आणि या यंत्रात शेतकऱ्याच्या दृष्टीनं फरक काय उरला? जे तपासता येत नाही ते विज्ञान नाही, त्याला बॅटरी जोडलेली असली तरी.

रेझिस्टिव्हिटीची पद्धत मुळात फार साधी आहे, म्हणून ती लपवून ठेवण्याचं कारणच नाही. कॉनराड श्लुंबर्जे या फ्रेंच माणसानं 1912 मध्ये नॉर्मंडीत तिचा पहिला प्रयोग केला. जमिनीत एका ओळीत चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांमध्ये दाब मोजायचा. बाहेरच्या सळ्या लांब लांब नेत गेलं की वीज खोल खोल जाते. घट्ट कोरडा पाषाण विजेला अडवतो, ओला मुरूम तिला वाट देतो. आपल्या भागात पाणी धरलेल्या कुजक्या किंवा फुटक्या मांजऱ्याची रोधकता साधारण 20 ते 45 ओहम-मीटर येते आणि घट्ट पाषाणाची 70 च्या वर. साठ मीटर खाली डोकवायचं तर बाहेरच्या सळ्या अडीच-तीनशे मीटर अंतरावर न्याव्या लागतात. ज्यानं तुमच्या अंगणात दहा पावलांत सळ्या ठोकून तीनशे फुटांवरचं पाणी दाखवलं, त्यानं काय पाहिलं असेल ते यावरून समजावं.

आणि नाशिकमध्ये इतकी मोकळी जागा मिळते कुठं? निफाड-दिंडोरीकडे गेलं की द्राक्षबागा. मांडवाच्या तारा आणि जमिनीत गाडलेले लोखंडी अँगल वीज भलतीकडे पळवतात. शेजारून गेलेली विजेची लाइन, जुना गाडलेला लोखंडी पाइप, तेही वाचन बिघडवतात. हे सांगायला सर्वेक्षण करणाऱ्याला लाज वाटू नये. पण ते कागदावर लिहून द्यायला हवं.

मला हे शहाणपण एका चुकीतून आलं, तीही शेतकऱ्याच्या खर्चानं झालेल्या. सिन्नरच्या पूर्वेला एका शेतात माझा रोधकतेचा आलेख वीसेक मीटरवर एकदम खाली आला. फार देखणा आलेख होता. मी जागा दिली. बोअरला त्याच खोलीवर चार मीटर लाल चिकण माती लागली, खाली सलग पाषाण. कोरडा. चूक यंत्राची नव्हती. चार मीटर जाडीचा 10 ओहम-मीटरचा चिकण थर आणि दहा मीटर जाडीचा 25 ओहम-मीटरचा पाण्याचा थर, दोन घट्ट पाषाणांच्या मध्ये अडकलेले असतील तर वरून त्यांचे आलेख जवळजवळ सारखेच निघतात. जाडीला रोधकतेनं भागा, दोन्हीकडे उत्तर तेच. गणितानं हा पेच सुटत नाही, सुटणारही नाही. तो सुटतो शेजारच्या विहिरीनं.

बोअर फेल गेल्यावर शेजारचे एक नाना येऊन उभे राहिले. सर्वेक्षणाच्या दिवशीही ते बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "सर, आमच्या विहिरीला साठ-पासष्ट फुटांवर गेरूचा पट्टा लागला होता. म्हणून तर आम्ही खोदाई थांबवली." त्यांची विहीर दोनशे मीटरवर होती. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. त्या एका वाक्यानं एका कुटुंबाचा वर्षभराचा पैसा वाचला असता.

यंत्राला असा सोबती लागतोच, मग पद्धत कोणतीही असो. हातोड्याचा ठोका लोखंडी पाटीवर मारून जमिनीतल्या लहरी किती वेळात पोहोचतात ते मोजायची एक पद्धत आहे. मुरमाखाली पाषाण किती खोल आहे हे ती छान सांगते, धरणाच्या पायासाठी म्हणूनच वापरतात. पण घट्ट थराखाली मऊ थर असेल तर तो तिला दिसतच नाही. आपल्याकडे तर घट्टाखाली मऊ, त्याखाली पुन्हा घट्ट अशीच रचना. रडारची पद्धत काळ्या चिकण जमिनीत फार खोल जात नाही. चुंबकीय मापन डाईक शोधायला चांगलं, कारण ती भिंत आसपासच्या खडकापेक्षा वेगळी नोंद देते. मात्र डाईक पाणी अडवतो आहे की स्वतःच्या भेगांमधून वाहून नेतो आहे, हे त्यावरून कळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं डॅनिश तज्ज्ञांबरोबर नागपूर जिल्ह्यातल्या चंद्रभागा पाणलोटावर हेलिकॉप्टरला भलंमोठं वेटोळं टांगून विद्युतचुंबकीय सर्वेक्षण केलं. त्यातून मोठ्या प्रदेशाचं चित्र पटकन मिळतं. तिथंही चित्राचा अर्थ लावायला जमिनीवरच्या बोअरच्या नोंदी लागल्याच.

खोल जायची हिंमत जिथं केली तिथं काय हाती लागलं ते पाहा. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र पाडलं तेव्हा 338 मीटरवर काळा पाषाण संपला. कोयनेला तो 900 मीटरच्या पुढं गेला. ही माहिती जगभरच्या अभ्यासकांना खुली आहे, म्हणून तिचा उपयोग होतो. मग माझ्या जिल्ह्यातल्या हजारो बोअरची माहिती का नसावी? प्रत्येक बोअर हा शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं केलेला वैज्ञानिक प्रयोग आहे. फेल गेलेला बोअर तर जास्तच, कारण त्याचा मोबदला त्याला दुसऱ्या कशातूनच मिळत नाही.

कायद्यात आधार नाही असं नाही. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून लागू आहे. त्यात विहिरींची नोंदणी आहे, बोअर खोदणाऱ्या यंत्रांच्या मालकांची नोंदणी आहे. माझी मागणी एवढीच, की ती नोंदणी आणि खडकाची नोंद एकमेकींना बांधा. गाडीवाल्यानं फुटावर पैसे लावायचे असतील तर बिलासोबत एक कागद द्यावा: किती फुटांवर कोणता रंग, कुठं पाणी दिसलं, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला आधाराचा पाइप, किती टाकलं. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत. मशीनवाल्यानं पैसे घेतले तर पॉइंटसोबत वाचनांचा तक्ता द्यावा, त्याचीही प्रत तिथंच. यासाठी नवं महामंडळ नको, नवं ॲप नको. एक रजिस्टर, शिवाराचा गट नंबर असलेला नकाशा आणि दर वर्षी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाची एक फेरी, इतकं पुरे. अटल भूजल योजनेत नाशिकसह राज्यातल्या 13 जिल्ह्यांमध्ये गावपातळीवर जलसुरक्षा आराखडे करायची पद्धत आली. त्या आराखड्याला जोडून ही नोंद सहज राहू शकते. केंद्रीय भूजल मंडळाचे जलधर, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरांचे, नकाशे आहेत, पण 1:50,000 च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यात गाव दिसतं, गट नंबर दिसत नाही. गट नंबर गावच भरू शकतं.

यावर गावात मला जी उत्तरं मिळतात ती टाळता येण्यासारखी नाहीत. पहिलं उत्तर भीतीचं आहे. त्याच कायद्यानं 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी केली. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. जिल्ह्याच्या पूर्व भागात आज किती बोअर त्याच्या आत थांबतात, ते गाडीवाल्यांना विचारा. खरी खोली लिहून दिली तर उद्या नोटीस येईल, हे शेतकऱ्याचं भय खोटं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जो शेतकरी स्वतःहून नोंद देईल, त्याच्याविरुद्ध ती नोंद कधीच वापरली जाऊ नये, आणि हे शासनानं लेखी सांगावं. खोल बोअरवर बंदी का हवी हे मला पटतं. केसिंग न टाकलेला खोल बोअर वरच्या मुरमातलं पाणी खाली गळू देतो आणि शेजाऱ्याची विहीर आटवतो. पण बंदीमुळे माणसं खोटं बोलू लागली तर बंदीही हातातून जाते आणि माहितीही.

दुसरं उत्तर जास्त कठीण आहे. "माझ्या बोअरला कुठं पाणी लागलं ते भिंतीवर लावलं, तर शेजारी तिथंच येऊन भोक पाडेल." पाडेल, हे खरं आहे. पण तो आजही पाडतोच. तुमच्या शेतात पाइपातून पडणारी धार त्याला बांधावरून दिसते. न दिसणारी गोष्ट ही आहे, की तुम्ही दोघंही एकाच बारा मीटरच्या मांजऱ्यातून ओढत आहात आणि त्या थराला कडा आहेत. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि पाळलं. तिथं दर वर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो, म्हणून माणसं ऐकतात. ज्याची जाडी आणि हद्द माहीत आहे त्याचीच वाटणी होऊ शकते. न दिसणाऱ्या पाण्यावर दोन भाऊही एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत.

पश्चिम पट्ट्याबद्दल मात्र मला वेगळं बोलायचं आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी. तिथं पाऊस कोसळतो, इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, आणि मार्च-एप्रिलमध्ये बाया दोरीला धरून विहिरीत उतरतात. लोक याला नशीब म्हणतात. ते नशीब नाही, खडक आहे. उतार तीव्र, माती पातळ, खाली घट्ट पाषाण. पाणी थांबायला जागाच नाही. अशा गावात बोअरमागून बोअर मंजूर करणं हा उपाय नव्हे. पाड्याच्या वर उतारावर कुठं मुरमाची पिशवी आहे, कुठं झरा बारमाही पाझरतो, कुठं भूमिगत बंधारा घालता येईल, हे दोन दिवसांच्या सर्वेक्षणात सांगता येतं. तिथला शेतकरी मशीनवाल्याला पैसे देऊ शकत नाही आणि त्यानं देऊही नयेत. तो खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा. टँकरवर दर उन्हाळ्यात होणारा खर्च पावसाळ्यात विसरला जातो, सर्वेक्षणाचा कागद मात्र पन्नास वर्षं कामाला येतो. आपल्याच पांडवलेणीत भिक्षूंनी दोन हजार वर्षांपूर्वी कातळात पाण्याच्या पोढी, म्हणजे टाक्या, कोरल्या. खडक पाणी धरणार नाही हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी पाण्याला जागा करून दिली.

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. ज्या शेतकऱ्यांनी हरकत नाही म्हटलं, त्यांच्या वाचनांचे तक्ते गावागावांनुसार वेगळे केले, फेल गेलेल्या जागाही त्यात ठेवल्या. सिन्नरच्या त्या शेताचा तक्ताही आहे, त्याखाली 'गेरू, 20 मी., कोरडा' असं लिहिलं आहे आणि नानांच्या विहिरीची खोलीही. झेरॉक्स काढून एका ग्रामपंचायतीत नेऊन दिले. ग्रामसेवक भला माणूस होता. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिले, कपाट उघडलं, घरपट्टी, पाणीपट्टी, जन्ममृत्यू अशी एकेक रजिस्टरं हातानं बाजूला केली आणि मला विचारलं, "सर, हे कोणत्या रजिस्टरला लावू?" मग त्यानंच थोडा विचार करून नळपाणीपुरवठ्याची जुनी फाइल काढली, त्यात शेवटी ते कागद पंच करून घातले आणि पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं: खडक.